दुष्काळातल्या जंगलाची मोजणी बंद करू नका

हवेच्या गुणवत्तेचे अंदाज वर्तवणाऱ्या, त्यासाठी मॉडेल चालवणाऱ्या आणि त्या आकड्यांवरून प्रदूषण नियंत्रणाचे आराखडे ठरवणाऱ्या सर्व संस्थांच्या प्रमुखांस,

स. न. वि. वि.

मी जंगलातल्या एका मोजणी-मनोऱ्यावर उपकरणे सांभाळते. तिथला ओझोनचा संवेदक काढून घ्यायचा निर्णय झाला आहे. कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजणारी उपकरणे राहतील, ओझोनचे जाईल. कारण एका ओळीत कळवले गेले: जंगलात ओझोन किती शोषला जातो हा आकडा मॉडेलमधून मिळतोच, तेव्हा स्वतंत्र मोजणीवर खर्च करण्याची गरज उरलेली नाही.

हे कारण मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही, हे मी रीतसर कळवून झाले आहे. आता उघड पत्र लिहिते आहे, कारण ही समजूत एका संस्थेपुरती राहिलेली नाही. जंगल हवा गाळते आणि दरवर्षी साधारण सारखीच गाळते, हे गृहीतक तुमच्या मॉडेलांत, आराखड्यांत आणि खर्चाच्या तक्त्यांत खोलवर रुजले आहे. दुष्काळ आणि उष्णतेची लाट एकदम आली की ते टिकत नाही. लोकांच्या फुप्फुसांवर ओझोनचा मारा सर्वांत जास्त होतो, तेही याच दिवसांत.

आधी रोज जे पाहते ते सांगते. ओझोनच्या वेगवान संवेदकात रंगद्रव्याचा लेप दिलेली एक लहान चकती असते. ओझोन त्या लेपावर आला की अगदी क्षीण प्रकाश निघतो आणि संवेदक तो सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतो. वाऱ्याच्या वर-खाली होणाऱ्या झोतांच्या मोजणीशी त्याची सांगड घातली की दर अर्ध्या तासाला किती ओझोन शेंड्यांवरून खाली जंगलात उतरला, ते कळते. लेप काही दिवसांत निकामी होतो. चकती बदलायला शिडीने झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढावे लागते. दुष्काळात त्या शिडीवरून पाने हाताच्या अंतरावर दिसतात: कडेने करपलेली, आत वळलेली, वेळेआधीच पिवळी पडून गळायला लागलेली. खाली संगणकावरचा आलेखही तेच सांगतो. मातीत ओल असलेल्या उन्हाळ्यात ओझोन उतरण्याचा वेग सकाळी वाढू लागतो आणि दुपारपर्यंत टिकून राहतो. ओल संपली की तो सकाळी जेमतेम वर येतो आणि ऊन तापायच्या आत खाली बसतो. त्याच दुपारी शेंड्यांवरच्या हवेतला ओझोन मात्र चढत असतो.

असे का होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे पत्र इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते.

हवेतली प्रदूषके दोन वाटांनी जमिनीवर येतात. पावसाबरोबर येतात ते ओले निक्षेपण. पाऊस नसताना वायू आणि कण थेट पानांवर, सालीवर, मातीवर बसतात किंवा आत शिरतात, ते कोरडे निक्षेपण. तपांबरातून, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरातून, दरवर्षी जेवढा ओझोन नाहीसा होतो, त्यातला साधारण पाचवा हिस्सा या कोरड्या वाटेने जातो आणि त्यात जंगलांचा वाटा मोठा असतो. भरदिवसा निरोगी जंगलावर ओझोन सेकंदाला सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर वेगाने खाली उतरतो. खुल्या समुद्रावर हा वेग त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. हा फरक पडतो पानांमुळे. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत गेलेला ओझोन पानाच्या आतल्या ओलसर पेशीभित्तिकांशी पोचताच नष्ट होतो. उरलेला पानांच्या मेणचट पृष्ठभागावर, मातीवर आणि झाडांनी सोडलेल्या वायूंशी होणाऱ्या क्रियांत संपतो. सरासरी पाहिली तर जंगलात जाणाऱ्या ओझोनपैकी जवळपास निम्मा पर्णरंध्रांच्या वाटेने जातो.

ही रंध्रे झाड हवा स्वच्छ करण्यासाठी उघडत नाही. त्याला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि तो घेताना पाणी गमवावे लागते. पाण्याची चणचण आली की झाड दारे लावून घेते. उष्णतेमुळे ही चणचण कशी वाढते, ते एका हिशेबात दिसेल. २५ अंश सेल्सिअसला ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत बाष्पदाबाची तूट, म्हणजे हवेच्या कोरडेपणाचे माप, सुमारे १.३ किलोपास्कल असते. बाष्प तेवढेच ठेवून तापमान ३८ अंशांवर नेले की तूट ४.७ किलोपास्कलवर जाते. म्हणजे पानातून पाणी ओढून घेणारी हवेची ओढ साडेतीन पटींहून अधिक झाली, तीही मातीतून पाण्याचा एक थेंबही कमी न होता. त्यात मुळांशीही पाणी नसेल तर मुळांकडून ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा निरोप पानांपर्यंत जातो आणि रंध्रे मिटतात. पाइनसारखी झाडे लवकर मिटवतात, काही ओक बराच वेळ रेटून नेतात. पण दुष्काळ लांबला की बहुतेकांना तिथेच यावे लागते.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार मॉडेलविषयी आहे, कारण संवेदक काढायचे कारण म्हणून तुम्ही त्याचेच नाव घेता. १९८९ साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मार्विन वेस्ली यांनी कोरड्या निक्षेपणाची एक पद्धत मांडली. जमिनीचे प्रकार आणि ऋतू यांचे तक्ते, त्यावरून प्रत्येक पृष्ठभागाचा अडथळा किती, आणि त्यावरून प्रदूषक उतरण्याचा वेग. हे काम फार मोलाचे होते. त्या काळच्या संगणकांना झेपेल इतके सुटसुटीत आणि तरीही बऱ्याच वायूंना लागू पडणारे. पण त्यातल्या पर्णरंध्रांच्या सूत्रात दोनच गोष्टी आहेत: ऊन किती आणि तापमान किती. २० अंशांना रंध्रे सर्वांत मोकळी, शून्याच्या खाली आणि ४० च्या वर बंद. मातीत ओल किती हे सूत्र विचारत नाही. हवा किती कोरडी हेही विचारत नाही. त्यामुळे ३० अंशांच्या दुपारी पावसाने न्हालेले जंगल आणि महिनोन्‌महिने थेंब न पाहिलेले जंगल या सूत्राला एकसारखेच दिसते. आज तीन दशकांहून अधिक काळ लोटला. यापेक्षा चांगली सूत्रे उपलब्ध आहेत. तरीही हेच सूत्र किंवा त्याचे थोडे सुधारलेले रूप अनेक मॉडेलांत चालू आहे. ज्या मॉडेलला दुष्काळ दिसतच नाही, त्याचा आकडा पुढे करून दुष्काळ टिपणारे उपकरण बंद करणे मला पटत नाही.

दुसरी तक्रार: धोका माहीत नव्हता, असे कुणालाच म्हणता येणार नाही. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९० पासून ओझोनच्या उतरणीची मोजणी झाली. तिच्यावरून दिसले की त्याच जंगलात, त्याच झाडांवर, ओझोन उतरण्याचा वेग एका वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जवळजवळ दुप्पट असू शकतो. मग सर्व वर्षांना लागू पडणारा एकच तक्ता कसा पुरेल? २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णता आणि अवर्षण एकत्र आले. त्या वर्षी तिथल्या वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. कार्बन डायऑक्साइड ज्या रंध्रांतून आत जातो, त्याच रंध्रांतून ओझोन जातो. एकाची वाट अडली तेव्हा दुसऱ्याचीही अडली. ब्रिटनमधल्या जून-जुलै २००६ च्या उष्ण काळाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींकडून ओझोन शोषला जाणे थांबले तर काय होते, हे त्यात मॉडेलने तपासले होते आणि त्या दोन महिन्यांत सुमारे ४६० जादा अकाली मृत्यू होतात असा अंदाज निघाला. २०२० साली संशोधक मेयून लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून दाखवले की, तहानलेल्या वनस्पती ओझोन कमी शोषतात आणि त्यामुळे मोठ्या दुष्काळांत ओझोनची शिखरे आणखी चढतात. उत्सर्जनावर बंधने घालून हवेत जी सुधारणा झाली होती, तिचा बराचसा भाग यात वाहून जातो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

यातला शेवटचा मुद्दा तुम्ही पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. कारखान्यांनी धूर कमी केला, वाहने सुधारली, लोकांनी त्याची किंमत मोजली. ते सारे कष्ट एका कोरड्या उन्हाळ्यात पुसले जाऊ शकतात आणि तुमच्या अहवालात त्याची नोंद फक्त ‘प्रतिकूल हवामान’ अशी होते.

उष्णतेत झाडांचे ओझोन शोषणे घटते, तसे त्यांचे स्वतःचे वायू सोडणे वाढते, हे वेगळे सांगायला हवे. ओक, पॉप्लर, निलगिरी यांसारखी झाडे आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. तापमानाबरोबर त्याचे प्रमाण झपाट्याने चढते. वाहनांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड सोबत असले की त्यातून नवा ओझोन तयार होतो. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या ओझार्क भागातल्या मनोऱ्यावर २०११ आणि २०१२ च्या दुष्काळांत हे नोंदले गेले: दुष्काळाच्या सुरुवातीला आयसोप्रीन विक्रमी पातळीवर गेला आणि झाडे फारच कोलमडल्यावर खाली आला. म्हणजे दुष्काळाचा एक टप्पा असा असतो की रंध्रे मिटत चाललेली असतात आणि आयसोप्रीन अजून जोरात असतो. तुमच्या अंदाजांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरता यायला हव्यात. दोष झाडांना लावू नका. धुरातले ऑक्साइड नसतील तर त्या आयसोप्रीनमधून एवढा ओझोन तयार होणार नाही.

पुढची तक्रार मोजमापाच्या निकषाची. जंगलाला ओझोनचा किती धोका आहे हे ठरवताना अजूनही बऱ्याच ठिकाणी हवेतले प्रमाण पाहिले जाते: हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे ४० भाग ही मर्यादा धरून, प्रमाण तिच्या वर जितके गेले त्याची तासागणिक बेरीज. दुष्काळात ही बेरीज फुगते. पण पानात प्रत्यक्ष गेलेला ओझोन तेव्हा कमी असतो, कारण दार बंद असते. झाडाला त्या आठवड्यांत ओझोनपासून थोडे संरक्षण मिळते. तो ओझोन मग हवेतच राहतो आणि माणसांच्या श्वासात जातो. एकच आकडा दोघांसाठी वापरला तर झाडांचे नुकसान जास्त दिसते आणि माणसांचे नुकसान कशामुळे वाढले, ते कळतच नाही. पानात शिरलेल्या ओझोनची बेरीज धरणारी पद्धत युरोपच्या सीमापार वायुप्रदूषण कराराखाली, १९७९ च्या त्या कराराखाली, अनेक वर्षांपूर्वी स्वीकारली गेली आहे. ती सर्वत्र वापरायला अडचण काय आहे?

ओझोनवर मी जास्त लिहिले, कारण माझे काम त्याचे आहे. पण बाकीच्या वायूंचे वागणे आणखी गुंतागुंतीचे आहे. सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया ओल्या पानांवर चटकन विरघळतात. दव पडले नाही, पाऊस आला नाही की ही वाट अरुंद होते. अमोनियाच्या बाबतीत तर दिशाच उलटू शकते. तापमान दर ५ अंशांनी वाढले की पान आणि माती यांच्याकडून अमोनिया बाहेर पडण्याचा जोर साधारण दुप्पट होतो, त्यामुळे शोषणारे जंगल सोडणारे बनू शकते. नायट्रिक आम्लाची वाफ याच्या उलट. ती कोरड्या पानालाही तितक्याच वेगाने चिकटते. उष्णतेत अमोनियम नायट्रेटच्या कणांची वाफ होऊन तिच्यातून हेच आम्ल सुटते, आणि मग तोच नायट्रोजन, कणांच्या रूपात उतरला असता त्यापेक्षा जास्त वेगाने जंगलावर उतरतो. वातावरणातला पाराही पाने रंध्रांतून घेतात आणि पानगळीबरोबर मातीत नेतात. हवा कोरडी असताना पाइनच्या सुयांत पारा कमी साठतो, असे युरोपातल्या जंगलांच्या नमुन्यांतून दिसले आहे. २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्यावर नियंत्रण आणायचे ठरवले. त्या हिशेबात दुष्काळातले जंगल आहे का?

प्रामाणिकपणे सांगायचे तर ओझोनचेही सगळे एका दिशेने जात नाही. कॅलिफोर्नियातल्या ब्लॉजेट फॉरेस्टमध्ये उष्ण दिवसांत झाडांनी सोडलेल्या टर्पीन वायूंशी क्रिया होऊन शेंड्यांच्या आतच ओझोनचा मोठा हिस्सा संपतो, असे मोजणीतून दिसले. म्हणजे रंध्रे मिटली तरी काही जंगलांत दुसरी वाट थोडी रुंदावते. कोणत्या जंगलात किती, कोणत्या टप्प्यापर्यंत, हे मोजल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. मोजणी चालू ठेवण्याच्या बाजूने माझ्याकडे याहून सबळ कारण नाही.

पावसाचीही गोष्ट सांगायला हवी. आम्ही झाडांखाली गळणारे पाणी गोळा करायला भांडी ठेवतो. लांबलेल्या कोरड्या काळानंतर पहिला पाऊस आला की भांड्यातले पाणी तपकिरी असते, तळाशी गाळ बसतो. आठवडेच्या आठवडे पानांवर साठलेले नायट्रेट, धूळ, काजळी एकदम खाली येते. तेव्हा मुळे दुबळी झालेली असतात, मातीतले जीवाणू नुकतेच जागे होत असतात. इतका नायट्रोजन त्यांना एकदम घेता येत नाही, आणि बराचसा ओढ्यांत वाहून जातो. वर्षाची सरासरी काढली की ही लाट अदृश्य होते.

आणि सरासरीबद्दल माझी सर्वांत कडू तक्रार आहे. माझ्या हातून गेलेल्या नोंदींपैकी अवर्षणाचे आठवडे एका वार्षिक अहवालात ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून सरासरीतून वगळले गेले. उपकरण बिघडले नव्हते. चकत्या वेळेवर बदललेल्या होत्या, तपासणी झालेली होती. फक्त आकडे नेहमीसारखे नव्हते. मग त्याच वगळलेल्या सरासरीवरून मॉडेल तपासले गेले आणि ते बरोबर ठरले. जे आठवडे मॉडेलची परीक्षा घेऊ शकले असते, तेच परीक्षेतून काढून टाकले. हे कुणी वाईट हेतूने केले, असे मी म्हणत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या दुष्काळासाठी आपल्याकडे काहीच शिल्लक राहिले नाही.

वृक्षलागवडीवरही थोडक्यात. अमुक इतकी झाडे लावली म्हणजे अमुक इतके प्रदूषक हवेतून कमी होतील, असा आकडा आराखड्यांत लिहिला जातो. तो आकडा कोणत्या वर्षाचा? पाणी मिळालेल्या झाडाचा की न मिळालेल्या? तीव्र दुष्काळानंतर झाडांची वाढ पूर्वपदावर यायला एक ते चार वर्षे लागतात, हे जगभरातल्या वर्षवलयांच्या अभ्यासातून समोर आले आहे. कॅलिफोर्नियातल्याच सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांवरच्या पाइनवर तर ओझोन, नायट्रोजन, दुष्काळ आणि सालीत पोखरणारे भुंगेरे यांचा एकत्र मारा झाला आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथे झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. मेलेल्या झाडाच्या नावावर शोषण जमा धरता येणार नाही. झाडे जरूर लावा. पण त्यांच्या भरवशावर धूर कमी करण्याचे उद्दिष्ट सैल करू नका.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

जिथे मनोरे उभे आहेत आणि कार्बन डायऑक्साइड व बाष्प यांची मोजणी चालू आहे, तिथे ओझोनची मोजणी बंद करू नये, आणि जिथे नाही तिथे ती जोडावी. मनोरा, वीज, वाऱ्याचे मापन, माणसे आधीच तिथे आहेत, वाढीव खर्च एका उपकरणाचा आणि त्याच्या देखभालीचा आहे. दीर्घकाळच्या बहुतेक नोंदी उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या समशीतोष्ण जंगलांच्या आहेत. उष्ण कटिबंधातल्या जंगलांना, विशेषतः ज्यांना दरवर्षी कोरडा ऋतू सोसावा लागतो त्यांना, अग्रक्रम द्यावा.

मॉडेलमध्ये मातीतली ओल आणि हवेतली बाष्पदाबाची तूट या दोन्ही गोष्टी रंध्रांच्या सूत्रात घ्याव्यात. ते होईपर्यंत उष्णतेच्या लाटेत ओझोनचा अंदाज दोन प्रकारे काढावा, एकदा जंगल नेहमीसारखे शोषते असे धरून आणि एकदा रंध्रे मिटली आहेत असे धरून, आणि दोन्ही आकडे लोकांपुढे ठेवावेत. दम्याच्या रुग्णाने, उन्हात राबणाऱ्या मजुराने, लहान मुलांच्या शाळेने कोणता आकडा धरून चालायचे, हे त्यांना ठरवू द्या.

दुष्काळाच्या नोंदी, उपकरणाचा दोष सिद्ध झालेला नसेल तर, सरासरीतून वगळू नयेत. वगळल्याच तर वेगळ्या तक्त्यात, कारणासह, जाहीर कराव्यात.

प्रदूषण नियंत्रणाच्या आराखड्यांत जंगलाच्या शोषणाचा आकडा कोरड्या वर्षाचा धरावा. चांगल्या वर्षी त्याहून अधिक हाती लागले तर कुणाचे नुकसान नाही.

आणि आमच्या मनोऱ्यावरचा संवेदक काढण्याची कारवाई थांबवावी. निदान एक पूर्ण कोरडा ऋतू त्याच्या मोजणीसह जाऊ द्यावा, मॉडेलचे त्याच काळाचे आकडे शेजारी ठेवावेत आणि मग निर्णय घ्यावा. तुलना करण्याचे काम मी माझ्या नेहमीच्या कामासोबत करीन, त्यासाठी वेगळा निधी नको. या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि ते याच पत्रासारखे सर्वांना वाचता यावे, एवढी अपेक्षा आहे.

कळावे,
आपली नम्र,
जंगलातल्या मोजणी-मनोऱ्यावरची एक तंत्रज्ञ